परिषदेला शोधनिबंध पाठवू नका, हा सल्ला घातक आहे (वाचकांची चर्चा)

विद्यानगर :
कालच्या लेखात पीएचडीच्या विद्यार्थ्यांना सांगितले गेले की, परिषदेला निबंध पाठवणे म्हणजे शुल्क भरून प्रमाणपत्र विकत घेणे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत प्रबंधापूर्वी परिषदांत करायच्या दोन सादरीकरणांची सक्ती काढून टाकल्यामुळे आता त्या वाटेला जाण्याचे कारण उरलेले नाही. सक्ती गेली हे खरे आहे. परंतु सक्तीबरोबर गरजही गेली, हे मला मुळीच मान्य नाही. शिवाजी विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत, आपल्या विषयातला दुसरा माणूस आसपास नसताना जी मुले काम रेटतात, त्यांची बाहेरच्या जाणकारापर्यंत पोहोचण्याची वाट अशाने बंद होते.

माझ्या एका विद्यार्थिनीने पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांवर निबंध लिहून परिषदेला पाठवला. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी, तिथली ३९ फुटांची इशारा रेषा, ४३ फुटांची धोका रेषा आणि वरच्या खोऱ्यातला पाऊस यांवर तिची सारी मांडणी उभी होती. हे आकडे पावसाळाभर आम्हा सगळ्यांच्या तोंडी असतात. लेखिकेचे नाव ठाऊक नसलेल्या परीक्षकाने एकच प्रश्न लिहून पाठवला : नृसिंहवाडीच्या संगमापाशी त्या दिवसांत कृष्णा किती चढलेली होती? कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. म्हणजे बंधाऱ्यावरची पातळी केवळ वरच्या पावसाने ठरत नाही. त्या प्रश्नातून तिच्या प्रबंधाचे एक पूर्ण प्रकरण उभे राहिले.

गूळपेठ :
आपल्याला असा परीक्षक लाभला, याचा आनंद आहे. पण तो अपवाद आहे. मी रात्री पाठवलेला निबंध सकाळी स्वीकारला गेला आणि स्वीकृतीच्या पत्रात निबंधाविषयी एक वाक्यही नव्हते, फक्त बँक खात्याचा तपशील होता. सादरीकरणाच्या वेळी सत्राध्यक्ष सतत घड्याळाकडे पाहत होते आणि समोर बसलेले सगळे स्वतःच्या पाळीची वाट पाहत होते. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत नेमणूक-बढतीच्या मोजणीत शिक्षकाला देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतील निबंधासाठी ५, राष्ट्रीयसाठी ३ आणि राज्यस्तरीयसाठी २ गुण मिळतात. मग फलकावर ‘आंतरराष्ट्रीय’ लिहिण्याची घाई का होते, हे वेगळे सांगायला नको. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये संगणकाकडून रचून घेतलेला निरर्थक निबंध एका परिषदेने स्वीकारला होता. त्यातून कोणी काही शिकले असे मला दिसत नाही.

कळंबा तलाव :
परीक्षण प्रामाणिक असले तरी निकाल डळमळीतच राहतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातल्या न्यूरिप्स या परिषदेने २०१४ मध्ये सुमारे एकदशांश निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे दिले, तेव्हा त्यांपैकी जवळजवळ चतुर्थांश निबंधांवर दोन्ही समित्यांचे निर्णय वेगळे पडले. तेव्हा स्वीकृतीचा गाजावाजा नको, हे मला पटते. परंतु या चर्चेत खरी दुखरी गोष्ट कोणी बोलत नाही. माझ्या पहिल्या निबंधावर माझ्या मार्गदर्शकांचे नाव प्रथम लागले. त्यांनी तो निबंध वाचलेलाही नव्हता. छापील प्रत हातात दिल्यावर त्यांनी मला विषय विचारला.

मार्गदर्शक, ताराबाई पार्क :
या आरोपाने मला तीव्र दुःख झाले. विषय कोण सुचवतो? प्रयोगशाळेची परवानगी कोण मिळवतो? चार वेळा परत आलेला मसुदा सुट्टीच्या दिवशी कोण दुरुस्त करतो? एका वाईट अनुभवावरून साऱ्या मार्गदर्शकांना चोर ठरवणे हा अन्याय आहे.

कळंबा तलाव :
चोर हा शब्द आपला आहे, माझा नाही. जो मसुदा दुरुस्त करतो त्याचे नाव लागलेच पाहिजे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचे निकष स्पष्ट आहेत : कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम प्रतीला संमती आणि संपूर्ण निबंधाची जबाबदारी, या चारही गोष्टी असतील तरच लेखकपद. प्रयोगशाळेच्या परवानगीसाठी आभाराची ओळ असते. आणि भांडण केवळ मानाचे नाही. २०१८ च्याच नियमांप्रमाणे संयुक्त प्रकाशनात दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण मिळतात. दोनांहून अधिक झाले की प्रथम किंवा प्रमुख लेखकाला ७० टक्के आणि इतरांना प्रत्येकी ३० टक्के. माझ्या निबंधावर तिसरे नावही जोडले गेले होते. नोकरीच्या मुलाखतीत मी त्याची किंमत मोजली आहे.

मार्गदर्शक, ताराबाई पार्क :
न वाचता नाव लावणे चूकच आहे. तेवढे मी मान्य करतो. मात्र मसुदा चार वेळा दुरुस्त करणाऱ्याला आभाराच्या ओळीत बसवू देणार नाही.

विद्यानगर :
नावांचा प्रश्न गंभीर आहे, परंतु तो परिषद टाळून सुटणार नाही. नियतकालिकातही तीच नावे त्याच क्रमाने लागतील. गूळपेठ यांना माझे सांगणे इतकेच की, त्यांनी वर्णन केलेल्या ठिकाणी निबंध पाठवूच नये. शुल्क भरण्यापूर्वी परीक्षकांचे लेखी अभिप्राय मागावेत, मागील वर्षाचे संकलन उघडून त्यातले दोन निबंध नीट वाचावेत आणि आयोजकांनी किती निबंध नाकारले हे विचारावे. उत्तर टाळले गेले तर पैसे खिशातच ठेवावेत. विद्यार्थ्यांना ही पारख शिकवायला हवी होती, आणि कालच्या लेखाने त्यांना घरी बसायला सांगितले, यावर माझा आक्षेप आहे.

गूळपेठ :
अभिप्राय आधी आणि शुल्क नंतर, एवढे जर आयोजक मान्य करत असतील तर माझा विरोध उरत नाही. पण आपल्या जिल्ह्यात तसे आयोजक मला अजून भेटलेले नाहीत. एक सारांश तयार आहे, तो या अटीवर पाठवून पाहतो. लेखकांचा क्रम मात्र सारांश पाठवण्यापूर्वीच लेखी ठरला पाहिजे.

मार्गदर्शक, ताराबाई पार्क :
लेखी ठरवायला माझी हरकत नाही. क्रम मात्र निबंध पूर्ण झाल्यावर ठरावा. कोण किती काम करणार, हे सारांशाच्या वेळी कोणालाच माहीत नसते.