पोटात विरघळणारी इलेक्ट्रॉनिक्स: गरज की नुसती हौस?

चौकस
२०२३ साली इटलीत संशोधक मारिओ कैरोनी यांच्या गटाने खाता येईल अशी, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. एका टोकाला रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व), दुसऱ्याला क्वेर्सेटिन (वनस्पतींत सापडणारं एक द्रव्य), मध्ये नोरी शेवाळ, वरून मधमाश्यांचं मेण आणि जोडणीला सोन्याचा वर्ख. ही बातमी सांगितली की लोक हसतात.

मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आतडं आतून बघण्यासाठी गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल २००१ पासून वापरात आहे. लांबी साधारण २६ मिमी, जाडी ११ मिमी. बहुतेकांच्या पोटातून ती निमूट बाहेर पडते. पण क्रोन्ससारख्या, आतड्याला सूज आणणाऱ्या आजारात आतडं कुठे आक्रसलेलं असेल तर ती तिथेच अडकते, प्रसंगी ऑपरेशन करून काढावी लागते. म्हणजे ज्याच्या आतड्यात डोकावायची सर्वात जास्त निकड, त्यालाच ती द्यायला डॉक्टर कचरतात. अडकली तरी विरघळून जाईल असं यंत्र मिळालं तर हा पेच सुटतो. मग नाकं का मुरडायची?

ओहमचा नियम
हसत नाही, पण आकडे बघा की राव. ०.६५ व्होल्ट, ४८ मायक्रोअँपिअर, तेही १२ मिनिटं. छोटासा एलईडी मिणमिणेल एवढीच ताकद. जठरातून लहान आतडं पार करून पुढे जायला तास न् तास लागतात. तुमची बॅटरी जठरातच मान टाकणार. शिवाय मोजलेलं बाहेर कळवायला रेडिओ हवा, आणि शरीरातलं पाणी रेडिओ लहरी बऱ्यापैकी गिळतं. सोन्याचं म्हणाल तर ते पचतच नाही, जसंच्या तसं बाहेर येतं.

चौकस
पहिल्याच नमुन्यावरून निकाल लावायचा? पोटातून रेडिओने माहिती धाडणारी कॅप्सूल १९५७ सालीच निघाली होती. कॅमेरा यायला त्यानंतर चार दशकं लागली. वर्खाचं म्हणाल तर तो कुठे अडकून बसणार?

सावली
वीज हा मुद्दाच नाहीये. २०१७ मध्ये अमेरिकेत एफडीएने (तिथली औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) एबिलिफाय मायसाइट ही गोळी मंजूर केली. गोळीत वाळूच्या कणाएवढा सेन्सर: तांबं, मॅग्नेशियम, सिलिकॉन. जठरातल्या आम्लात भिजला की स्वतःच वीज तयार करतो आणि अंगावर चिकटवलेल्या पट्टीला गोळी घेतल्याची खूण पोचवतो. तंत्र उत्तम चाललं. पण औषध कशावरचं, तर स्किझोफ्रेनियावरचं! आपल्यावर पाळत आहे या भीतीने जे आधीच पोखरलेले असतात, त्यांच्याच हाती नोंद ठेवणारी गोळी. सेन्सर बनवणारी प्रोटिअस कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत निघाली. पोटातली नोंद उद्या विमा कंपनीच्या टेबलावर गेली तर काय, हे आधी सांगा.

खुसपट
सावलीताईंशी सहमत. आणि आतड्याला सूज आहे का एवढंच बघायचं असेल, तर शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (सूज असली की वाढणारं प्रथिन) तपासतात की. गिळायचं काही नाही, अडकायचं काही नाही. हे म्हणजे उंदीर मारायला तोफ.

आतल्या गाठीचा
खुसपटराव, मी क्रोन्सचा पेशंट आहे. कॅलप्रोटेक्टिन सूज आहे एवढं सांगतं. कुठे आहे, आतडं किती अरुंद झालंय, ते नाही सांगत. कॅमेरा द्यायच्या आधी मला तपासणीची कॅप्सूल दिली होती. आत लॅक्टोज आणि बेरियम, आकार खऱ्या कॅप्सूलएवढाच. अडकली तर आपोआप विरघळते. म्हणजे विरघळणारी वस्तू आमच्या पोटात कधीच जाऊन आली आहे, फक्त ती मुकी आहे. दुसऱ्या दिवशी एक्स-रेच्या टेबलावर आडवं पडायचं आणि ती आत आहे की गेली, एवढंच कळायचं. तिने वाटेत कुठे किती दाब होता हे सांगितलं असतं, तर मी सोन्याचा वर्खच काय, टूथपेस्टसुद्धा गिळली असती. (तसंही कैरोनींच्याच गटाने टूथपेस्टमधल्या निळ्या रंगापासून ट्रान्झिस्टर केलाच आहे!)

ओहमचा नियम
ही मागणी पटली. नुसता दाब कळवायचा असेल तर कदाचित बॅटरीही नको. आत एक साधं कॉइलचं सर्किट ठेवायचं, बाहेरून लहरी सोडायच्या आणि दाबाने त्याची वारंवारता किती सरकली ते वाचायचं. प्रश्न कॉइलचाच आहे. धातू जाड घेतला तर विरघळत नाही, पातळ घेतला तर रोध वाढून सिग्नल मरतो. मॅग्नेशियमवर भिस्त ठेवावी, तर आम्लात ते फार लवकर संपतं. त्यावर जठर ओलांडेपर्यंत टिकेल असं आवरण लागेल. आतड्यातच सुटणाऱ्या गोळ्यांना असतं तसं.

सावली
सर्किट जमेल हो. वाचणारं यंत्र कोणाच्या हातात, ते अजून कोणीच सांगितलं नाही.

आतल्या गाठीचा
माझ्या डॉक्टरांच्या. आत्ताचे एक्स-रे तरी कोणाकडे असतात?