सिग्नल नसलेल्या चौकात आधी कोण? उजवीकडचा नियम पाळायचा की नुसता परीक्षेपुरता पाठ करायचा?

चौकस
आमच्या कॉलनीतल्या चौकात परवा एक स्कूटर आणि एक मोटार भिडल्या. लागलं कुणालाच नाही, पण वाद अर्धा तास चालला. स्कूटरवाला म्हणे, मी सरळ चाललो होतो. मोटारवाला म्हणे, मी आधी घुसलो होतो. बघ्यांचा निकाल ठरलेलाच, गाडी मोठी म्हणजे चूक तिची. खरा नियम एकाच्याही तोंडून आला नाही. पोलीस नाही, सिग्नल नाही, पाटी नाही अशा चौकात उजव्या हाताने येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. १९८९च्या नियमावलीत हे होतं, २०१७ साली तिच्या जागी नवे विनियम आले त्यांतही आहे.

यामागे साधं कारण आहे. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे आडव्या रस्त्याचा आपल्या अलीकडचा अर्धा भाग उजवीकडून येणाऱ्याचा असतो. आपण पुढे सरकलो की पहिली गाठ त्याच्याशी पडते. डावीकडून येणारा पलीकडच्या अर्ध्यातून जातो, त्याला अजून अवकाश असतो. शिवाय स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे त्या बाजूचं दिसतंही चांगलं. सर्कलला फिरणारी गाडीही आत शिरणाऱ्याच्या उजवीकडूनच येते, त्यामुळे तिथेही हेच लक्षात ठेवलं की भागतं. माझं मत, हे शिकवा आणि मोडणाऱ्याला दंड लावा.

हळूच_ब्रेक
अर्धाच नियम सांगितलात. मुख्य रस्ता म्हणून ठरवलेल्या रस्त्यावर शिरत असाल तर त्या रस्त्यावरच्यांना वाट द्यायची, मग उजवीकडून या की डावीकडून. आता सांगा, आपल्या गावात कुठला रस्ता मुख्य, हे कुणी ठरवलंय? उलट्या त्रिकोणाची ‘वाट द्या’ची पाटी शेवटची कधी पाहिलीत? मी डीपी रस्त्याने (विकास आराखड्यातल्या मोठ्या रस्त्याने) चाललोय आणि उजवीकडच्या बोळातून कुणी दूधवाला आला, तर तुमच्या हिशोबाने मी थांबायचं. मागचा ट्रक माझ्या डिकीत येईल त्याचं काय?

चौकस
थांबायला नाही, वेग कमी करायला सांगतोय. बोळाच्या तोंडाशी वेग कमी करणं तसंही बंधनकारकच आहे. पाटी नाही हे मान्य, पण म्हणून नियमच सोडून द्यायचा?

लालडबा
एसटीत उभी हयात गेली, म्हणून बोलतो. शहरात उजवं-डावं काय चालत न्हाई. ज्याचं तोंड आत, त्याची वाट. घाटात मात्र नियम आम्ही पाळलाय आणि तो कुणी दंड करून शिकवला नव्हता. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, उतरणाऱ्यानं कडेला थांबायचं. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलताना क्लच जळतो, नाहीतर मागं घरंगळते. कुंभार्लीत, वरंधात समोरून चढती गाडी दिसली की उतरणारा रुंद जागा बघून आपसूक बाजूला व्हायचा. आता पावसाळ्यात धबधबे बघायला येणारी मंडळी उताराला मधोमध येत्यात आणि वर हॉर्न मारत्यात. पुढं ट्रक अडकला की मग दोन्ही बाजूला रांग.

ऑरेंजसिटी
काका बरोबर बोलून राहिले. पण चौकात कायदा काहून पाहिजे? डिप्पर आहे ना, हेडलाइटची उघडझाप. अरुंद पुलावर ज्यानं आधी डिप्पर मारला त्याचा पूल, वर्षानुवर्षं चालू आहे.

हळूच_ब्रेक
आणि दोघांनी एकदम मारला तर?

ऑरेंजसिटी
तर ट्रकवाल्याचा पूल. 😄

यॉर्कशायरचा_पावसाळी
इकडे ब्रिटनमध्येही डावीकडूनच चालवतात, पण खुणा नसलेल्या चौकात प्राधान्य कुणालाच नाही. उजवीकडच्यालाही नाही. इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, स्पष्ट म्हटलंय की हे नियम कुणालाही आधी जायचा हक्क देत नाहीत, दुसऱ्याला वाट कधी द्यायची एवढंच सांगतात. २०२२च्या जानेवारीपासून तर वळणाऱ्या गाडीने, रस्ता ओलांडायला थांबलेल्या पादचाऱ्यालाही वाट द्यायची आहे. चौकसराव, तुमचा नियम आपल्याकडे लोकांच्या हातात दिलात तर ‘मी उजवीकडचा’ म्हणून दामटणारे वाढतील.

ऑरेंजसिटी
तिकडचं तिकडेच राहू द्या भाऊ. तिकडे चौकात बैल बसत नाही.

पायीपायी
एवढी चर्चा झाली, सगळी गाडीत बसून. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा आहे, हेही नियमांत लिहिलेलं आहे. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत ‘पादचारी थांबले असतील तर काय कराल’ हा प्रश्न असतो. तुम्ही सगळे ‘गाडी थांबवेन’ला टिक करून पास झालात ना? मी रोज आईला घेऊन दवाखान्यात जाते, एक गाडी थांबत नाही. थांबलीच तर मागची डावीकडून सुसाट निघते आणि ते जास्त भयंकर. कधी वाटतं, थांबूच नका, निदान अंदाज तरी येतो.

चौकस
ताई, हे मात्र पटत नाही. मागचा मूर्ख आहे म्हणून पुढच्याने शहाणपण सोडायचं?

पायीपायी
तुम्ही काचेआड बसून शहाणपण दाखवता, धडक आम्हाला बसते.

काळाकोट
थोडं कोर्टातलं. ‘मी उजवीकडून आलो’ एवढ्यावर अपघात दावा न्यायाधिकरणात सुटका होत नाही. चौकात शिरण्याआधी वेग कमी करणं आणि शिरणं सुरक्षित आहे याची खात्री करणं दोघांवरही बंधनकारक आहे. दोघांचा निष्काळजीपणा दिसला की जबाबदारीची टक्केवारी वाटली जाते आणि त्या प्रमाणात भरपाई कापली जाते. दंडाचं म्हणाल, तर रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमनच्या गाडीला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ई खाली १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वाहन चालवण्याचे विनियम मोडले तर कलम १७७अ, म्हणजे ५०० ते १,००० रुपये. तोही लावणार कोण? सिग्नल तोडल्याचा फोटो निघतो, उजवीकडच्याला वाट दिली नाही याचा निघत नाही.

हळूच_ब्रेक
हेच म्हणत होतो. दंड निरुपयोगी. आधी पाट्या लावा, चौकात पांढरी रेघ मारा, मग शिकवा.

चौकस
आणि रेघ येईपर्यंत?

लालडबा
तोवर पाय ब्रेकवर ठिवा.

हळूच_ब्रेक
काका, तेवढ्याने भागलं असतं तर चौकसरावांच्या चौकात अर्धा तास भांडण झालं नसतं. वॉर्ड ऑफिसात पाटीसाठी अर्ज टाकायचा असेल तर माझी सही धरा. दंडाच्या मागणीवर नाही.