अनुभव धागा: लॅपटॉप, व्हीआर हेडसेट आणि डोळ्यांपुढचा अंधार

काल कपाट आवरताना जुन्या व्हीआर हेडसेटची (डोळ्यांवर चढवून आभासी दृश्य पाहायचे यंत्र) केबल हाती लागली आणि तिच्यापायी वाया गेलेले दोन रविवार आठवले. कानांत आवाज येत होता, डोके हलवले की लॅपटॉपवरचे दृश्यही हलत होते, म्हणजे यूएसबीची बाजू ठणठणीत होती. डोळ्यांपुढे मात्र मिट्ट काळोख. चित्र नेणाऱ्या दोन वेगळ्या जोडण्यांपैकी हेडसेटला डिस्प्लेपोर्ट हवा होता आणि लॅपटॉपला एचडीएमआयच होते, म्हणून मी जो स्वस्त अडॅप्टर आणला, तो डिस्प्लेपोर्टमधून निघालेला सिग्नल एचडीएमआय पडद्यापर्यंत नेण्यापुरताच होता. उलट दिशेने तो चालत नाही, हे उमगेपर्यंत मी ड्रायव्हर तीनदा नव्याने टाकला होता. आपलेही अनुभव लिहावेत.

———

माझ्याकडे यूएसबी-सी पोर्ट होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. त्यातून चित्र बाहेर पडायला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड (यूएसबी-सीमधून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल नेण्याची सोय) लागतो आणि तो प्रत्येक यूएसबी-सीमध्ये नसतो, हे नंतर कळले. माझ्या पोर्टमध्ये तो होता, तरीही हेडसेट सापडेना, कारण ते पोर्ट वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला न जोडता प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेले होते. ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्स नावाच्या सेटिंगचे पान उघडले की कोणते पोर्ट कोणाकडे जाते, याचे चित्रच दिसते. हे पान आधी पाहिले असते, तर एक केबल वाचली असती.

———

सांगायला संकोच वाटतो, पण माझ्या 2016च्या व्हाइव्ह हेडसेटची लिंक बॉक्स (हेडसेट आणि संगणक यांच्यामधली जोडपेटी) मी उलटी जोडली होती. तिची नारिंगी बाजू हेडसेटकडे असते. रंग दिसला होता. तो शोभेसाठी असावा, असे वाटले.

———

वरच्या प्रतिसादाला दाद! आमच्याकडे तर चित्र सारखे अडखळत होते आणि मी राउटरला दोष देत बसले होते. मुलगा येता जाता म्हणाला, "आई, चार्जर लाव." बॅटरीवर असताना लॅपटॉप ग्राफिक्सची ताकद कमी करतो, हे त्याला ठाऊक होते आणि त्याने मला आठवडाभर सांगितले नव्हते.

———

क्वेस्ट हेडसेटवाल्यांनी मात्र एचडीएमआयच्या नादी लागू नये. तो लॅपटॉपला जोडणाऱ्या लिंक केबलमधून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल जातच नाही. लॅपटॉप चित्र दाबून लहान करतो, ते यूएसबीवरून पाठवतो आणि हेडसेट ते उलगडतो, त्यामुळे तेथे केबलचा डेटावेग आणि यूएसबी 3 पोर्ट पाहावे लागते. 2021मध्ये आलेल्या एअर लिंकसाठी (क्वेस्टची केबलविना जोडणी) लॅपटॉप राउटरला तारेने जोडावा आणि हेडसेट 5 गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवावा. मी दोन्ही वायफायवर ठेवले होते. मान वळवली की दृश्य मागाहून वळायचे आणि पोटात ढवळायचे.

———

चित्र येऊन काही मिनिटांनी जात असेल, तर विंडोजची यूएसबी वीजबचत बंद करून पाहावी. माझे काम त्यानेच झाले. विंडोज मिक्स्ड रिॲलिटीचे (विंडोजमधली व्हीआरची सोय) हेडसेट असेल, तर केबल बदलण्यापूर्वी विंडोजची आवृत्ती पाहावी, कारण विंडोज 11च्या 24एच2 आवृत्तीतून ती सोय काढून टाकलेली आहे.

———

सर्वांचे आभार. फिजएक्सचे पान आत्ताच उघडून पाहिले. माझे एचडीएमआयसुद्धा प्रोसेसरकडेच जाते. म्हणजे योग्य अडॅप्टर आणला असता, तरी तिसरा रविवार ठरलेलाच होता.