‘टीका’, ‘चिकित्सा’ आणि ‘खंडन’: कांटच्या मताचे परीक्षण म्हणजे नेमके काय?

प्रश्न : तत्त्वज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ‘कांटच्या मताचे टीकात्मक परीक्षण करा’ असा प्रश्न येतो. माझी मुलगी या जर्मन तत्त्वज्ञाचे मत दोन ओळींत उरकते आणि पुढची दोन पाने तो कसा चुकला हे लिहिते. येथे ‘टीका’ शब्दाचा कोणता अर्थ घ्यावा? ‘चिकित्सक परीक्षण’ म्हटल्यास फरक पडतो का?

उत्तर : फरक पडतो. संस्कृतात आणि जुन्या मराठीत मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडणारे विवरण म्हणजे टीका. ‘तैं टीका केली ज्ञानेश्वरें’ ही ओवी वाचून ज्ञानेश्वरांनी गीतेला नावे ठेवली असे कोणी समजत नाही. आज मात्र ‘टीकेची झोड’ इतकी अंगवळणी पडली आहे की प्रश्नातला हा शब्द दिसताच विद्यार्थी दोष शोधू लागतो, आणि त्याबद्दल एकट्या त्याला बोल लावणे मला योग्य वाटत नाही.

‘चिकित्सा’ शब्दाची घडण ‘मीमांसा’ आणि ‘जिज्ञासा’ यांच्यासारखीच ‘सन्’ प्रत्ययाने झालेली आहे. वैद्य आधी नाडी पाहतो, विचारपूस करतो आणि मग निदान सांगतो. तपासलेला माणूस ठणठणीतही निघू शकतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा महाभारताचे खंडन झाले नाही, तर शेकडो हस्तलिखितांतील पाठ ताडून पाहिले गेले. खंडन हा चिकित्सेचा एक संभाव्य शेवट आहे, चिकित्सा नव्हे.

कांटच्या 1781 सालच्या मुख्य ग्रंथाच्या ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या नावातच हा शब्द आहे. मूळ जर्मन शब्द ‘क्रिटिक’. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक क्रियापदाचे दोन अर्थ होतात, वेगळे काढणे आणि निर्णय देणे. आपल्याकडे ‘निवडणे’ आणि ‘निवाडा’ ही जोडी अगदी तेच सांगते. प्रस्तावनेत कांट स्पष्ट करतो की त्याला ग्रंथांची किंवा मतप्रणालींची नव्हे, तर बुद्धीच्या सामर्थ्याचीच चिकित्सा अभिप्रेत आहे. बुद्धीचे रास्त दावे मान्य करणारे आणि निराधार दावे फेटाळणारे न्यायासन, असे तो तिचे वर्णन करतो.

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. ईश्वराच्या संकल्पनेतूनच त्याचे अस्तित्व सिद्ध करू पाहणाऱ्या युक्तिवादावर कांटचा आक्षेप असा की ‘असणे’ हे वस्तूच्या संकल्पनेत भर घालणारे विधेय नाही. शंभर खऱ्या थालरांत (थालर हे जुने जर्मन नाणे) शंभर संभाव्य थालरांपेक्षा एक नाणेही अधिक नसते. यावर उत्तरपत्रिकांत हमखास दिसणारे वाक्य असे : ‘कांट म्हणतो की अस्तित्व हे विधेय नाही, परंतु “देव आहे” या वाक्यात “आहे” हेच विधेय असल्यामुळे त्याचे मत चुकीचे ठरते.’ ‘आहे’ व्याकरणाच्या किंवा तर्काच्या दृष्टीने विधेयाच्या जागी येऊ शकते हे कांटला मान्यच आहे. त्याचा नकार ते संकल्पनेत काही नवे भरते याला आहे. ‘देव सर्वशक्तिमान आहे’ हे उदाहरण तो स्वतःच घेतो आणि त्यातला ‘आहे’ केवळ उद्देश्याशी विधेय जोडतो हे दाखवतो. शंभर थालर खिशात असणे आणि नसणे यांत माणसाच्या सांपत्तिक स्थितीत फरक पडतो, हेही त्याने तिथेच नोंदवले आहे. त्यामुळे ‘मग खरे पैसे आणि मनातले पैसे सारखेच का?’ हा आक्षेपही त्याला लागत नाही.

वक्त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ त्याच्या शब्दाला चिकटवून केलेल्या प्रतिवादाला न्यायसूत्रांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाने, ‘वाक्छल’ असे नाव दिले आहे. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी असलेला मुलगा. प्रतिपक्षी ‘नव’चा अर्थ नऊ असा घेऊन म्हणतो, ‘नऊ कुठे आहेत, एकच तर आहे.’ विद्यार्थ्याच्या हातून हे नकळत घडते, पण घडते तेच. म्हणून कांटच्या शब्दांना कांटचाच अर्थ ठेवून त्याचे म्हणणे आपल्या भाषेत मांडणे, म्हणजे जुन्या अर्थाने टीका करणे, ही पहिली पायरी होय, आणि उत्तराचा निम्मा भाग तिला द्यावा असे मी आग्रहाने सांगेन. त्यानंतर येणारा आक्षेप कसा असावा, याचा नमुना कांटनंतरचा जर्मन तत्त्वज्ञ हेगेल याच्यात सापडतो : थालर ही मर्यादित वस्तू आहे, तिच्याबाबत संकल्पना आणि अस्तित्व वेगळी पडतात हे खरे, पण ईश्वराबाबतही ती तशीच वेगळी पडतात हे त्या उदाहरणाने कसे ठरते? हेगेलचे म्हणणे कोणाला पटो वा न पटो, त्याने कांटच्या युक्तिवादाच्या नेमक्या सांध्यावर बोट ठेवले आहे.

प्रश्न : आभारी आहे. मग ‘कांटची चिकित्सा’ असे शीर्षक चालेल का?

उत्तर : ते संदिग्ध होईल. कांटने केलेली चिकित्सा की कांटच्या मताची चिकित्सा, हे षष्ठीवरून कळत नाही, आणि या तत्त्वज्ञाच्या बाबतीत तर दोन्ही अर्थ संभवतात. ‘शंभर थालरांच्या युक्तिवादाची चिकित्सा’ असे लिहावे. म्हणजे काय तपासायचे आहे हे तिलाही लिहिण्याआधी ठरवावे लागेल.