आई-बाबांच्या तिकिटावर माझे माइल्स लावून अपग्रेड: कसं करायचं आणि परवडतं का?

चरईकर_मुक्ता

नमस्कार मंडळी. आई-बाबांना (७१ आणि ७४) जूनमध्ये भावाकडे मेलबर्नला जायचंय. मुंबई–सिंगापूर–मेलबर्न, येतानाही तसंच. बाबांचे दोन्ही गुडघे दुखतात, रात्रभर पाय दुमडून बसणं जमणार नाही. माझ्या क्रिसफ्लायर (सिंगापूर एअरलाइन्सची पॉइंट्स योजना) खात्यात ६२,००० माइल्स, म्हणजे पॉइंट्स, आहेत, त्यातले १४,००० सप्टेंबरमध्ये संपतायत. नौपाड्यातल्या एजंटने इकॉनॉमीचं जाऊन-येऊन माणशी ७४,००० सांगितलंय आणि उद्यापर्यंत पैसे भरा म्हणून मागे लागलाय. तो म्हणतो, आधी तिकीट काढा, अपग्रेड (इकॉनॉमीतून वरच्या वर्गात जाणं) काय, विमानतळावर काउंटरला होऊन जातं. खरं आहे का हे? माझे माइल्स त्यांच्या तिकिटाला चालतील का?

सीवूड्सकर

ताई, उद्या पैसे भरू नका. माइल्सने अपग्रेड होणार की नाही हे तिकीट काढतानाच ठरतं. विमानतळावर फक्त त्याचा निकाल कळतो.

इकॉनॉमी बाहेरून एकच दिसते, पण आत तिचे दहा-बारा भाव असतात आणि प्रत्येक भावाला एक इंग्रजी अक्षर असतं. सगळ्यात महाग भाव सहसा वाय किंवा बी, आणि पुढे उतरत जायचं. ई-तिकिटाच्या प्रिंटवर फ्लाइट नंबरच्या बाजूला 'क्लास' म्हणून जे एकटं अक्षर असतं, ते हेच. 'फेअर बेसिस' नावाचं सात-आठ अक्षरांचं जे गचपण असतं, त्याचंही पहिलं अक्षर बहुतेक वेळा तेच. खालच्या अक्षरांना माइल्सचं अपग्रेड लागू नसतं. सिंगापूर एअरलाइन्समध्ये सगळ्यात स्वस्त भाव म्हणजे 'इकॉनॉमी लाइट', आणि लाइटवर माइल्स लावताच येत नाहीत. एजंटने सांगितलेला सगळ्यात कमी भाव लाइटच असण्याची दाट शक्यता आहे. कंपनीच्या साइटवर भाव निवडताना खाली तुलनेचा तक्ता उघडतो, त्यात 'माइल्सने अपग्रेड' अशी एक ओळ असते. ती वाचल्याशिवाय कार्ड बाहेर काढू नका.

एजंटला तीन गोष्टी विचारा, आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या:

१. फेअर फॅमिली (लाइटसारखा भावाचा प्रकार) कोणती आणि बुकिंगचं अक्षर काय?
२. तिकीट कोणत्या विमान कंपनीच्या नावे निघणार? तिकीट नंबर १३ आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे. सिंगापूरचे ६१८, एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६. ६१८ सोडून दुसरं काही असेल तर अपग्रेडच्या वेळी 'ज्यांनी तिकीट दिलं त्यांना विचारा' हे ऐकायची तयारी ठेवा.
३. ग्रुप फेअर आहे का? ग्रुपमधल्या सीटवर अपग्रेड सहसा होत नाही.

तुमचे माइल्स आई-बाबांना चालतात, पण आधी दोघांना खात्यात 'रिडेम्पशन नॉमिनी' (ज्यांच्यासाठी तुमचे माइल्स वापरता येतात अशी नोंदवलेली माणसं) करावं लागेल. जास्तीत जास्त पाच जण घेता येतात, त्यामुळे या जागा मावशी-आत्यांवर उधळू नका. नाव पासपोर्टवर जसंच्या तसं. बाबांच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असून सगळं नाव एकाच ओळीत असेल, तर तिकिटावर आणि नॉमिनीत ते एकाच पद्धतीने घाला. पुढची अर्धी डोकेदुखी तिथेच मिटते.

बेलापूर_किल्ला

वरच्या प्रतिसादात एक भर. आमच्या बेलापूर-नेरूळ पट्ट्यात जहाजावर जाणाऱ्यांची घरं खूप. मॅनिंग कंपनीकडून (जहाजांवर माणसं पुरवणारी) मिळणारं 'मरीन फेअर' तिकीट स्वस्त असतं, बदलायला सोपं असतं, सामानही जास्त नेऊ देतात, पण माइल्सने अपग्रेड त्यावर जवळपास कुठेच मिळत नाही. स्टुडंट फेअरचीही तीच गत. मुलाला एमएसला पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

कोडशेअरही बघा. तिकिटावर नंबर एका कंपनीचा आणि खाली बारीक अक्षरांत 'ऑपरेटेड बाय' दुसरीच, असं असेल तर अपग्रेडची आशा सोडा. विमान कोणाचं आणि नंबर कोणाचा, दोन्ही एकच हवं.

चरईकर_मुक्ता

एजंटला विचारलं. लाइटच निघालं! अपग्रेड चालेल असा भाव माणशी ९१,००० म्हणतोय. म्हणजे दोघांचे ३४,००० जास्त, वर माइल्स वेगळे. आता काय करावं?

पाचपाखाडी_हिशोबनीस

आता हिशोब मांडू. यात बहुतेकांची चूक एकच होते: माइल्स फुकटचे धरतात आणि तिकिटातला फरक विसरतात.

सूत्र असं. वरच्या वर्गाचं तिकीट रोखीने घेतलं तर किती जास्त पडलं असतं, त्यातून अपग्रेडसाठी महाग इकॉनॉमी घ्यायला मोजलेले जास्तीचे पैसे आणि वाढीव टॅक्स वजा करायचे, आणि उरलेल्याला माइल्सने भागायचं. जो आकडा येईल तो एका माइलचा भाव.

समजा (हे आकडे मानलेले, खरे तुमच्या खात्यात लॉगिन करून बघा) मेलबर्न–सिंगापूर एवढ्या एकाच टप्प्यावर दोघांना प्रीमियम इकॉनॉमी (इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला वर्ग) हवी. रोखीत माणशी ३२,००० चा फरक, म्हणजे दोघांचे ६४,०००. माइल्स माणशी २५,०००, म्हणजे ५०,०००. तिकिटाचे जास्तीचे ३४,०००.

६४,००० − ३४,००० = ३०,०००. भागिले ५०,००० माइल्स. माइलला ६० पैसे. माझ्या मते एक रुपयाच्या खाली माइल्स घालवू नयेत. पण तुमचे १४,००० तसेही मरणार आहेत, त्यांची किंमत थोडी कमी धरलीत तरी चालेल.

आता एजंट सहसा सांगत नाहीत ते. कंपनीच्या साइटवर जातानाचा आणि येतानाचा भाव वेगवेगळा निवडता येतो. जाताना लाइट, येताना अपग्रेड चालणारा. फरक साधारण निम्म्यावर येतो, दोघांचे १७,०००. मग ६४,००० − १७,००० = ४७,०००, म्हणजे माइलला ९४ पैसे. तेच माइल्स, तेच विमान, फक्त तिकीट काढायची पद्धत बदलली. एक पथ्य मात्र पाळा: असं मिश्र तिकीट रद्द करायची वेळ आली तर दोन्हींतला जो नियम कडक, तो लागतो असं धरून चाला. वयाने मोठी माणसं आहेत, तारीख पुढेमागे होणार असेल तर दोन्हीकडे महागडा भाव घेण्यातही शहाणपण आहे. ते ३४,००० काही निव्वळ पाण्यात जात नाहीत, बदलाचा दंड कमी होतो.

कुठल्या टप्प्यावर लावायचे? अपग्रेड टप्प्याटप्प्याने होतं, सगळ्या प्रवासावर करायची सक्ती नाही. मुंबई–सिंगापूर साडेपाच तास, सिंगापूर–मेलबर्न साडेसात-आठ तास. चारही टप्प्यांना ६२,००० पुरणार नाहीत. जो टप्पा लांब आणि रात्रीचा, तो घ्या. दिवसाच्या विमानात बाबा दर तासाला उठून पॅसेजमध्ये फेरी मारतील. गुडघ्यांना ते उलट बरं.

सीवूड्सकर

हिशोब पटला. आता क्रम सांगतो, कारण क्रम चुकला की वरचं सगळं गणित वाया.

तिकीट काढण्याआधी त्याच तारखेला, त्याच फ्लाइटला माइल्सने थेट वरच्या वर्गाचं तिकीट शोधून बघा. 'सेव्हर'मध्ये (माइल्सचा सगळ्यात कमी दर) सीट दिसत असेल तर अपग्रेडलाही मिळायची शक्यता चांगली. हा अंदाज आहे, खात्री नाही. पैसे घेऊन विकायच्या सीट वेगळ्या आणि माइल्ससाठी सोडलेल्या वेगळ्या. सीट-मॅपवर पंधरा जागा रिकाम्या दिसतात आणि अपग्रेड 'वेटलिस्ट' दाखवतं, ते यामुळेच. काउंटरवरच्या माणसाशी त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. शेवटच्या दोन-तीन दिवसांत कंपनी न विकलेल्या काही जागा सोडते, तेव्हा वेटलिस्ट हलते.

त्या विमानात प्रीमियम इकॉनॉमी आहे का हेही आत्ताच बघा, सगळ्या विमानांत ती नसते. सीट-मॅप उघडला की कळतं. सिंगापूरच्या इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर ३२ इंच, प्रीमियममध्ये ३८. कागदावर सहाच इंच, पण गुडघा समोरच्या सीटला टेकतो की नाही ते या सहा इंचांवरच ठरतं.

मग तिकीट, मग बुकिंग खात्याला जोडून 'मॅनेज बुकिंग'मध्ये अपग्रेड. जेवढे माइल्स लागतात तेवढे वेटलिस्टच्या काळात खात्यात शिल्लक ठेवा. कमी पडत असतील म्हणून क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स आधीच वळवून ठेवू नका. पॉइंट्स एकदा गेले की कार्डात परत येत नाहीत. सीट दिसली, हिशोब बसला, तरच वळवा. वळायला काही दिवस लागू शकतात हेही धरा.

संपत आलेल्या माइल्सचं: क्रिसफ्लायर माइल्स ३६ महिन्यांनी मरतात, मध्ये काही खरेदी केली म्हणून जुन्यांचं आयुष्य वाढत नाही. बुकिंगच्या दिवशी जिवंत असले की पुरे, प्रवास नंतरचा असला तरी चालतो. पण मुदत उलटल्यावर अपग्रेड रद्द केलंत तर ते माइल्स खात्यात परत येणार नाहीत.

बेलापूर_किल्ला

दोघं एकाच पीएनआरवर आहेत ना? मग सिस्टिम दोन जागा एकत्र शोधते. एकच मोकळी असेल तर दोघंही वेटलिस्टवर बसतात. फोन करून पीएनआर दोन करून घेता येतात (तोडताना दोन्ही एकमेकांना जोडून ठेवा असं सांगा), मग एकाला तरी मिळते. बाबांना पुढे बसवून आई मागे, हे चालणार असेल तरच करा. एकदा तोडलेला पीएनआर परत जोडला जात नाही.

अपग्रेड कन्फर्म झालं की तिकीट नव्याने निघतं. नवा १३ आकडी नंबर ईमेलवर आला का बघा. स्क्रीनवर 'कन्फर्म्ड' आणि तिकीट मात्र जुनंच, अशी अवस्था चेक-इनला रात्री एक वाजता उघडकीस येते. नवीन तिकीट निघताना मागच्या विनंत्या गळून पडतात, म्हणून तीन गोष्टी परत तपासा.

सीट नंबर. आधी पैसे भरून घेतलेली सीट गेली तर ते पैसे परत मिळतीलच असं नाही, म्हणून अपग्रेडची वाट बघत असाल तर सीट विकत घ्यायची घाई नको.

व्हीलचेअर. नुसतं 'व्हीलचेअर हवी' म्हटलं की डब्ल्यूसीएचआर टाकतात. त्याचा अर्थ लांब चालवत नाही पण जिना चढता येतो. बाबांना जिना जमत नसेल तर डब्ल्यूसीएचएस सांगा. विमान ब्रिजला न लागता लांब उभं राहिलं, तर फरक त्या शिडीशी कळतो.

जेवण. भारतीय शाकाहारीसाठी एव्हीएमएल, जैन हवं असेल तर व्हीजेएमएल. एचएनएमएल म्हणजे 'हिंदू मील', आणि ते मांसाहारी असतं. नाव वाचून भले भले फसतात.

ऐरोली_सेक्टर८

मध्येच विचारतो. लंडनसाठीही हेच नियम का? आणि आता नवी मुंबई विमानतळावरून काही जमेल का, सहारपर्यंत जायचा वैताग वाचेल.

सीवूड्सकर

लंडन: ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिऑसमध्ये (त्यांचे माइल्स) इकॉनॉमीच्या क्यू, ओ, जी या अक्षरांवर अपग्रेड होत नाही, आणि एका वेळी एकच पायरी वर जाता येतं, म्हणजे इकॉनॉमीतून प्रीमियम इकॉनॉमी. येतानाचा चटका वेगळाच. ब्रिटनमधून निघताना लागणारी एअर पॅसेंजर ड्युटी सगळ्यात खालच्या वर्गाला कमी आणि वरच्या सगळ्यांना जास्त. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात भारताच्या पट्ट्याला हा दर ९० पौंड विरुद्ध २१६ पौंड होता. अपग्रेड करताना हा फरक रोख भरावा लागतो. म्हणून जमलं तर जाताना वरचा वर्ग, येताना इकॉनॉमी.

नवी मुंबई: २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं ते इंडिगो, एअर इंडिया एक्सप्रेस, आकासा आणि स्टार एअरवर. यातल्या बहुतेक विमानांत अपग्रेड होऊन जायला वरचा वर्गच नाही. या धाग्यातलं सगळं सहारच्या टी-२ चं. आणि नागपूरहून वगैरे येऊन पुढचं विमान पकडणाऱ्यांनी तिकिटावर उतरण्याचं ठिकाण बीओएम (मुंबई, सहार) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते वाचा. दोन वेगळी तिकिटं असतील तर मधला रस्ता, ट्रॅफिक आणि चुकलेलं विमान, सगळं तुमच्या डोक्यावर.

चरईकर_मुक्ता

सगळ्यांचे आभार. साइटवर मिश्र तिकीट दिसलं, फरक माणशी ९,००० च्या आसपास. नॉमिनी आज करते. शेवटचं एक: अपग्रेड कन्फर्म होऊन ऐनवेळी विमान बदललं आणि परत मागे बसवलं तर?

पाचपाखाडी_हिशोबनीस

विमान बदलून वरचा वर्ग कमी झाला की माइल्सवाल्यांना आधी मागे पाठवतात, हे गृहीत धरा. गेटवरच 'डाउनग्रेड झालं' असं लेखी मागा आणि दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवा, जुना फाडू देऊ नका. माइल्स आणि भरलेला जादा टॅक्स परत मागायचा, तो हक्क आहे. पैसे देऊन घेतलेल्या वर्गातून खाली बसवलं तर डीजीसीएचा (भारताची विमान वाहतूक नियामक संस्था) फेब्रुवारी २०२३ पासूनचा नियम आहे: देशांतर्गत तिकिटाचे ७५ टक्के परत, आंतरराष्ट्रीयला १,५०० किलोमीटरपर्यंत ३०, ३,५०० पर्यंत ५० आणि त्यापुढे ७५ टक्के. माइल्सच्या अपग्रेडला ही टक्केवारी पकडून बसू नका, तुमचं मूळ तिकीट इकॉनॉमीचंच होतं.

आणि नॉमिनी करताना ओटीपी तुमच्या फोनवर येईल, बाबांच्या नाही. खात्यातला मोबाइल नंबर जुना असेल तर आधी तो बदला.