कारखान्याच्या जमिनीवरचे टॉवर : बिल्डरला आणखी मुदतवाढ द्यायची का?

घोडबंदरकर
कोलशेत, पोखरण रोड, माजिवडा... ठाण्यातल्या बंद कारखान्यांच्या जमिनी औद्योगिकच्या निवासी झाल्या आणि तिथे टॉवर आले. आमचा त्यातलाच एक. करारात पझेशन डिसेंबर २०२२. महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करून त्यांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर तारीख दोनदा सरकली. आता तिसऱ्या मुदतवाढीला संमती द्या म्हणून व्हॉट्सॲपवर पीडीएफ आलीय. कारण काय, तर कामगार आयुक्तांचा ना-हरकत दाखला रखडला, जुन्या कामगारांची देणी फिटल्याशिवाय तो मिळत नाही. अहो, कामगारांची देणी चुकती करावी लागतात हे जमीन घेतानाच माहीत होतं ना? मग आमच्याकडून बुकिंगचे पैसे कशाच्या जोरावर घेतले? माझं मत : मुदतवाढ नको.

सळई_सिमेंट
साइटवर काम करतो म्हणून सांगतो. मुदत वाढली नाही तर महारेराची नोंदणी संपते, आणि ती संपली की नवी विक्री बंद, बँक हात आखडते, ठेकेदार माणसं उचलून दुसरीकडे नेतो. मग बसा नुसता सांगाडा बघत. आणि दर वेळी बिल्डरच चोर असतो असं नाही. कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडच्या प्रश्नावरून हायकोर्टाने २०१६ मध्ये मुंबईत नव्या बांधकामांना मनाई केली, ती मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने उठवली, तीही सहा महिन्यांपुरती. यात बिल्डरने काय करायचं होतं?

कलम_१८
कोर्टाची मनाई वेगळी, कोविड वेगळा (तेव्हा महारेरानेच सरसकट सहा महिने वाढवून दिले होते). रेरा कायद्यात मुदतवाढीचं कलम ६ आहे, त्यात युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप अशी यादी आहे. थकलेले पगार त्यात कुठे बसतात? बाकी कारणांना मिळून एकच वर्ष, तेही बिल्डरचा कसूर नसेल तर.

सळई_सिमेंट
अर्धंच सांगताय. नीलकमल प्रकरणात मुंबई हायकोर्टानेच २०१७ मध्ये म्हटलंय की अपवादात्मक परिस्थितीत वर्षाच्या पुढेही वाढ देता येते.

कलम_१८
अपवादात्मक! तिसऱ्यांदा मागितलेला अपवाद.

लेथमशीन
माझे वडील अशाच एका कंपनीत होते. टाळं लागलं, ग्रॅच्युइटी मिळायला किती वर्षं लागली ते विचारू नका. त्या दाखल्याची अट नसती तर ती कधीच मिळाली नसती. तेव्हा 'दाखल्यामुळे घर अडलं' असं म्हणताना जरा जपून. अडवलंय ते पैसे न देणाऱ्याने. फ्लॅटवाल्यांच्या दबावाखाली उद्या कोणी ती अटच सैल केली, तर आम्ही कुठे जायचं?

घोडबंदरकर
मान्य, दादा. दाखल्यावर राग नाहीच. पण भाडं आणि प्री-ईएमआय (घर मिळेपर्यंत कर्जावरचं नुसतं व्याज) दोन्ही भरतोय मी. वर जुन्या करपद्धतीत घर पाच वर्षांत पुरं झालं नाही तर व्याजाची वजावट दोन लाखांवरून तीस हजारांवर येते. त्याची मुदतवाढ कोण देतं?

सोसायटी_सेक्रेटरी
भांडा, पण सही करण्याआधी पीडीएफ शेवटपर्यंत वाचा. आमच्या वेळी तिसऱ्या पानावर, पार्किंगच्या मजकुराखाली बारीक अक्षरात होतं : 'विलंबाबाबत कोणतीही मागणी करणार नाही.' निम्म्यांनी तसंच पाठवलं. आम्ही काही जणांनी ती ओळ खोडून सही केली आणि शेजारी लिहिलं, कलम १८ खालचा (विलंब झाला तर परतावा किंवा व्याज मागायचा) हक्क राखून. नोंदणीची मुदत वाढली म्हणून करारातली तारीख बदलत नाही. न्यूटेक निकालात (२०२१) सुप्रीम कोर्टाने तर सांगितलंय की कोर्टाची स्थगिती असली तरी परताव्याचा हक्क जात नाही. पैसे परत न घेता प्रकल्पात राहायचं असेल तर दरमहा व्याज, स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत दर) अधिक दोन टक्के.

खिडकी_क्र_३
व्याज मिळतं कागदावर. महारेराचं वसुलीचं वॉरंट कलेक्टर कचेरीत जातं आणि तिथेच मुक्काम करतं.

सळई_सिमेंट
तेच म्हणतोय. नकोच असेल मुदतवाढ तर कलम ८ आहे, नोंदणी गेली की उरलेलं काम करायचा पहिला हक्क खरेदीदारांच्या संघटनेचा. आहे तयारी? लिफ्ट, फायर एनओसी, ओसी (भोगवटा दाखला)... पैसा कोण घालणार?

घोडबंदरकर
आमच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात ना? आधी त्या खात्याचा हिशेब टाका, मग संमतीचं बोलू. मी तेवढंच लिहून पीडीएफ परत पाठवतोय. तिसरं पान आत्ता उघडलं, ओळ आमच्यातही आहे. सेक्रेटरी, तुमच्या मसुद्याचा फोटो टाकता का?