चाकणचा पीएफ काढून ई-बाईक घेऊ का? डिलिव्हरीच्या कामात पुढचं काय?

मोशीचा_रायडर

नमस्कार मंडळी. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रेसवर होतो, ठेकेदारामार्फत. मशीन तेच, शिफ्ट तीच, वरचा ठेकेदार मात्र तीनदा बदलला. मागच्या वर्षी काम कमी झालं आणि आमची अख्खी बॅच बसवली. तेव्हापासून दोन अ‍ॅपवर आहे. सकाळी किराणा, संध्याकाळी जेवण.

पीएफला तिन्ही ठेकेदारांकडचे मिळून नऊ वर्षं आणि वर काही महिने भरले आहेत. ग्रुपमधली पोरं म्हणतात, सगळा काढ, ई-बाईक घे, पेट्रोल वाचेल. हिशोब खोटा नाही, कमाईचा मोठा वाटा टाकीतच जातो. बायको ऐकायला तयार नाही. तिचं म्हणणं, कारखान्यात पगार कमी होता, पण स्लिपवर पीएफ आणि ईएसआयसी म्हणजे कामगारांच्या विम्याच्या दोन ओळी कापलेल्या दिसायच्या. आता काहीच कापत नाहीत, म्हणजे काहीच साठत नाही. मला उत्तर देता आलं नाही.

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आमच्यातला एक जण नाशिक फाट्याजवळ पडला, पायात रॉड टाकावा लागला. अ‍ॅपचा विमा होता. पण तो ऑर्डर पोचवून रिकामा परतत होता, त्यामुळे त्या वेळी तो कामावर नव्हता असं सांगितलं गेलं. अहो, डिलिव्हरीवाला परत येणार नाही तर पुढची ऑर्डर कोण उचलणार? अर्ज अजून अडकलेला आहे.

पीएफ काढू की ठेवू? नोव्हेंबर २०२५ मध्ये कामगारांचा नवा कायदा लागू झाला म्हणतात, त्यात आमच्यासाठी खरंच काही आहे का?

सेवाकेंद्र_वाळवा

दादा, आमच्या केंद्रावर पुण्याहून परतलेली बरीच पोरं हाच प्रश्न घेऊन येतात. घाई करू नका.

आधी पासबुक उघडून बघा. ठेकेदार तीन म्हणजे यूएएन, तुमचा पीएफचा कायमचा नंबर, एक असला तरी आत मेंबर आयडी, म्हणजे प्रत्येक ठेकेदाराकडचं वेगळं खातं, तीन असणार. जुन्या दोन खात्यांची सेवा शेवटच्या खात्यात ट्रान्सफर झाली आहे का? झाली नसेल तर ते काम सगळ्यात आधी. शेवटच्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटचं योगदान जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःला ऑनलाइन टाकता येते. त्याच्या मागे फिरायची गरज नाही. आधार आणि पीएफमधलं नाव, जन्मतारीख जुळतात का तेही बघा. निम्मे अर्ज तिथेच परत येतात.

आता मुद्द्याचं. पीएफची रक्कम वेगळी आणि पेन्शनचा भाग वेगळा. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, पण वरचे महिने सहा किंवा जास्त असतील तर पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे साडेनऊ भरली की दहा. मधल्या काळात योगदान नसेल तर ते महिने त्यात येत नाहीत. साडेनऊ होत असतील तर ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क तुमचा झाला. किमान पेन्शन २०१४ पासून १००० रुपयेच आहे, फार नाही हे मान्य, पण मागे बायकोला विधवा पेन्शनही त्यातूनच मिळते. आणि साडेनऊ भरत नसतील तर १०सी या पेन्शनच्या फॉर्मवर पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, मागा. उद्या कुठेही पीएफ असलेली नोकरी लागली, अगदी वर्षभराची, तरी सेवा पुढे जोडली जाते. नऊ वर्षं टोपीखाली मशीनवर काढलीत, ती पुसू नका.

ई-बाईक फारच निकडीची असेल तर पीएफच्या रकमेतून थोडं घ्या. पेन्शनच्या भागाला हात लावू नका. वहिनींचं बरोबर आहे.

बाकी, बँकेत जाऊन अपघात विमा सुरू करा, वर्षाला २० रुपये, मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख. जीवन ज्योती हा आयुर्विमा वर्षाला ४३६ रुपयांत होतो. पण यातलं काही दवाखान्याचं बिल भरत नाही. त्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधार मोबाईलमध्ये ठेवा आणि वहिनींकडेही द्या, कारण पडल्यावर कागद दुसऱ्यालाच शोधावे लागतात. ई-श्रम या सरकारी पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार, म्हणजे अ‍ॅपवर काम करणारा, म्हणून नोंदही करून घ्या.

माथाड्याची_लेक

दादा, तुमच्या बायकोने विचारलं तेच माझी आई विचारायची आणि तिला उत्तर मिळालं होतं, म्हणून लिहिते आहे.

माझे वडील माथाडी, म्हणजे ओझी वाहणारे हमाल. आधी मुंबईत मस्जिद बंदर, बाजार नवी मुंबईत हलला तेव्हा तुर्भे. एका दिवसात तीन-चार गाळ्यांवर माल उतरवायचे. आज या व्यापाऱ्याची साखर, दुपारी त्या व्यापाऱ्याचा गूळ. त्यांचा मालक कोण? कुणीच म्हणायचं नाही की हा माझा माणूस. ‘तो काय, टोळीतला हमाल, काम झालं की वाराई (माल उतरवायची मजुरी) देतो.’ तुम्हाला आज अ‍ॅप ‘पार्टनर’ म्हणतं, त्याच्याशी हे ताडून बघा.

अण्णासाहेब पाटलांच्या युनियनने हा प्रश्न लावून धरला आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यात मालक कोण हा वाद घालत बसले नाहीत. बोर्ड काढलं, त्यात कामगार, व्यापारी आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. व्यापाऱ्याने मजुरी बोर्डात भरायची आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरायची. बोर्ड पगार करणार आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना. गाळे कितीही बदलले तरी वडिलांचं खातं एकच राहिलं. माझ्या भावाचं शिक्षण आणि आमचं कोपरखैरण्याचं घर त्या खात्यातून उभं राहिलं. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही कुणापुढे हात पसरला नाही.

पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनेही हीच लढाई लढली, तुमच्याकडच्या मार्केट यार्डात जुन्या हमालांना विचारा.

बोर्डात त्रुटी नाहीत असं मी म्हणणार नाही. लेव्ही बुडवणारे व्यापारी आहेत, नोंदणी न करता राबवलेली माणसं आहेत, माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणारेही निघाले आणि त्यांनी खऱ्या माथाड्याची अब्रू घालवली. त्याचा मला राग आहे. तरीही एक गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध झाली आहे: काम अनेकांचं, खातं एकाचं, हे होतं. तेव्हा मुकादम वहीत पोती लिहायचा. तुमच्या अ‍ॅपला तर तुम्ही कुठल्या वळणावर थांबलात तेही माहीत असतं. ऑर्डर मोजता येते, तर तिच्यावरचा पीएफ का मोजता येणार नाही?

हिंजवडी_बॅकएंड

ताईंच्या शेवटच्या प्रश्नाला तांत्रिक उत्तर देतो, मी पेमेंटच्या प्रणालींवर काम करतो. मोजता येतो, आणि सहज. १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवरून जेवण मागवलं की हॉटेलच्या बिलावरचा ५ टक्के जीएसटी अ‍ॅपच सरकारकडे भरतं. प्रत्येक ऑर्डरमागे कापून भरायची सोय आधीच आहे.

आता कायदा. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. तिच्यात गिग (सुटी कामं करणारे) आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द पहिल्यांदाच केंद्राच्या कायद्यात आले. अ‍ॅप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायचे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्यातून अपघात, आरोग्य, म्हातारपण अशा योजना सरकारने आखायच्या. डिसेंबर २०२५ च्या मसुदा नियमांत पात्रतेसाठी वर्षात एका अ‍ॅपवर ९० दिवस किंवा अनेक अ‍ॅप मिळून १२० दिवस अशी अट आहे. म्हणून दादा, दोन्ही अ‍ॅपचे आठवड्याचे पेआउट डाउनलोड करून ईमेलवर ठेवा. आयडी बंद झाला की अ‍ॅपमधलं काहीच दिसत नाही, त्या दिवशी पुरावा कुठून आणणार?

माझी अडचण अशी की तो निधी सामाईक आहे. दादांनी एक ऑर्डर दिली म्हणून दादांच्या नावावर इतके पैसे चढले, असं त्यात नाही. माथाडी बोर्डात ते होतं. राजस्थानने २०२३ मध्ये देशातला पहिला गिग कामगार कायदा केला, कर्नाटकने २०२५ मध्ये केला आणि त्यात प्रत्येक व्यवहारात कामगाराला मिळणाऱ्या रकमेवर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क ठेवलं. ते ताईंच्या लेव्हीच्या जास्त जवळ जातं. महाराष्ट्राकडे तर घरचाच कायदा आहे, त्याने मागे राहावं हे मला पटत नाही.

मोशीचा_रायडर

सगळ्यांचे आभार. पासबुक उघडलं. दोन खाती ट्रान्सफरच झालेली नाहीत, ते आधी करतो. पेन्शनच्या भागाला हात लावत नाही, बायकोला सांगितलं. ई-बाईक भाड्याने मिळते का ते बघतो.

सेवाकेंद्रवाले दादा, पडलेल्या मित्राचं रेशन कार्ड गावाकडचं, परभणीचं आहे. त्याला फुले योजना पुण्यातल्या दवाखान्यात चालेल ना?

आणि ताई, वडिलांची बोर्डाची जुनी पगाराची पावती घरात असेल तर नाव-नंबर झाकून फोटो टाकाल का? रविवारी भोसरीत आम्ही रायडर लोक जमणार आहोत. मागायचं काय हे पोरांना बोलून कळत नाही, लेव्हीची ओळ छापलेली दाखवली तर कळेल.